लिनक्स स्मार्टफोन व लोकवर्गणी

लिनक्स ह्या मुक्त परिचालन प्रणालीवर चालणारा आणि ज्याची आज्ञावली धारकाला वाचता, तपासता व बदलता येईल असा स्मार्टफोन तयार करण्यासाठी भावी धारकांकडूनच आगाऊ रक्कम गोळा करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास. असे प्रयत्न मुख्यतः २०१३ नंतर झाले. अशा योजनेत पैसे भरणारा रूढ अर्थाने ग्राहक नसतो, कारण विकत घ्यायची वस्तू अद्याप अस्तित्वात आलेली नसते. तो भागधारकही नसतो, कारण नफ्यावर किंवा कारभारावर त्याचा काहीच हक्क नसतो. त्यामुळे अशा प्रत्येक योजनेच्या वेळी पैसे भरावेत की वस्तू तयार होईपर्यंत थांबावे, हा वाद मुक्त आज्ञावलीच्या समर्थकांमध्येच झडला. सर्वच जण थांबले, तर वस्तू निघणारच नाही, ही त्यातील मुख्य अडचण होती.

ह्या वादाची मुळे संगणकाच्या इतिहासात आहेत. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८५ मध्ये मुक्त आज्ञावलीच्या प्रसारासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला आणि १९९२ मध्ये तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. ह्या परवान्यानुसार आज्ञावली वितरित करणाऱ्याने तिची मूळ संहिताही उपलब्ध करून द्यावी लागते. मेजावरील संगणकाची घडण बऱ्याच अंशी प्रमाणित असल्यामुळे स्वयंसेवकांना लिनक्स त्यावर बसविता आले. भ्रमणध्वनीची गोष्ट वेगळी आहे. त्यातील प्रोसेसर, पडदा, कॅमेरा व रेडिओ ह्यांची जुळणी प्रत्येक संचात निराळी असते आणि त्यांना चालविणाऱ्या आज्ञावल्या उत्पादक बहुधा गुप्त ठेवतात. शिवाय मनोऱ्याशी संपर्क साधणारा मोडेम हा स्वतःच एक लहान संगणक असतो. त्याची संहिता धारकाला कधीच पाहावयास मिळत नाही आणि पुष्कळ संचांत तो मुख्य प्रोसेसरच्याच चकतीवर कोरलेला असतो. उत्पादकाने दोन-तीन वर्षांनी सुधारणा देणे थांबविले, की सुस्थितीतील संचही जुना व असुरक्षित ठरतो.

लिनक्सचा गाभा असलेला संच मुक्त असतोच, असे मात्र नाही. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. परंतु त्यावरील यंत्रचालक आज्ञावल्या व गूगलच्या सेवा बंदिस्त असतात. ह्याचे एक उदाहरण भारतातील आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईत घोषित झालेला जिओफोन कायओएस ह्या प्रणालीवर चालत असे. ही प्रणाली मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसपासून निघाली होती आणि तिचाही गाभा लिनक्सच होता. दीड हजार रुपयांच्या परतफेडीच्या अनामतीवर मिळणारा हा संच असंख्य घरांत पोहोचला, पण आपल्या हातात लिनक्स आहे ह्याचा धारकाला काही उपयोग नव्हता. पुढे वर्णिलेल्या खटपटींचा हेतू ह्याहून वेगळा होता.

पहिला गंभीर प्रयत्न तैवानमधील फर्स्ट इंटरनॅशनल कॉम्प्युटर ह्या कंपनीच्या आश्रयाने झाला. ओपनमोको हा प्रकल्प २००६ मध्ये जाहीर झाला व त्याचा निओ १९७३ हा संच २००७ मध्ये विकसकांना मिळू लागला. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन कूपर ह्यांनी हातातील भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण केले ते वर्ष १९७३ हे होते. त्यावरून संचाला हे नाव दिले होते. २००८ मध्ये निओ फ्रीरनर हा सुधारित संच ३९९ डॉलरांना निघाला. त्याचे मंडल-आराखडेही प्रसिद्ध करण्यात आले. व्यवहारात मात्र हा दूरध्वनी म्हणूनच उणा पडला. संभाषणात पलीकडच्या माणसाला गुणगुण ऐकू येई आणि मोडेमच्या एका दोषामुळे संच मनोऱ्यापासून वारंवार तुटून पुन्हा जोडला जाई. आराखडे खुले असल्यामुळे दोषाचे कारण बाहेरच्या लोकांनाही शोधता आले. काही ठिकाणी धारक एकत्र जमले आणि त्यांनी धारित्र बदलून व डाख लावून संच दुरुस्त करून घेतले. २००९ मध्ये पुढील संचाचे काम थांबले व कर्मचारी कमी करण्यात आले. ही लोकवर्गणी नव्हती, सरळ विक्री होती. पण अपुरी वस्तू जाणूनबुजून विकत घेणारा एक लहानसा वर्ग जगात आहे, हे तिने दाखवून दिले.

मोठ्या कंपन्यांपैकी नोकियाने ह्या दिशेने सर्वांत जास्त मजल मारली होती. तिचा एन९०० (२००९) हा संच लिनक्सच्या जाणकारांना अजूनही आठवतो. परंतु फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी करार केला आणि हा मार्ग बंद झाला. एखाद्या कंपनीच्या मर्जीवर विसंबून चालत नाही, ही भावना त्यानंतर बळावली. त्याच सुमारास इंडिगोगो (२००८) व किकस्टार्टर (२००९) ह्या लोकवर्गणीच्या संस्था अमेरिकेत नावारूपास आल्या होत्या.

उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय वितरणिका काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २२ जुलै २०१३ रोजी उबुंटू एज ह्या संचासाठी वर्गणी मागितली. मार्क शटलवर्थ ह्यांच्या ह्या योजनेत ३० दिवसांत ३·२ कोटी डॉलर जमवून ४०,००० संच काढावयाचे होते. पडद्याला व कळफलकाला जोडताच दूरध्वनीचा संगणक व्हावा, अशी त्यामागील कल्पना होती. जमा झालेली रक्कम सु. १·२८ कोटी डॉलर होती. तोपर्यंतच्या लोकवर्गण्यांत ती फार मोठी होती. तथापि लक्ष्य गाठले नाही, तर पैसे परत द्यावयाचे, अशी अट असल्यामुळे ती सर्व परत गेली. ह्या योजनेला अपयशी म्हणण्याचा प्रघात आहे. पैसे भरणाराच्या बाजूने पाहता मात्र सर्व योजनांत हीच सर्वांत निर्दोष म्हटली पाहिजे, कारण कोणाचाही डॉलर बुडाला नाही. उबुंटूचे संच पुढे २०१५ मध्ये स्पेनच्या बीक्यू कंपनीने काढले. कॅनॉनिकलने २०१७ मध्ये हे काम सोडून दिले आणि ते यूबीपोर्ट्स ह्या स्वयंसेवी गटाने पुढे चालविले.

उलट अनुभव योल्ला कंपनीच्या टॅब्लेटचा आला. नोकियातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांच्या ह्या फिनिश कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये ३·८ लाख डॉलर मागितले आणि तिला १८ लाखांहून अधिक मिळाले. २०१५ च्या अखेरीस ती आर्थिक संकटात सापडली. जानेवारी २०१६ मध्ये तिने जाहीर केले, की थोडेच टॅब्लेट पाठविता येतील. उरलेल्यांना निम्मी रक्कम आधी व निम्मी परिस्थिती सुधारल्यास पुढे मिळेल. लक्ष्य कितीतरी पट ओलांडले गेले, तरी वस्तू हाती येण्याची शाश्वती नसते, हे ह्यावरून स्पष्ट झाले.

ह्या पार्श्वभूमीवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी प्युरिझम कंपनीची लिब्रेम ५ ही योजना पुढे आली. टॉड वीव्हर ह्यांनी स्थापन केलेली ही अमेरिकन कंपनी लोकवर्गणीतूनच लॅपटॉप काढून नावारूपास आली होती. ६० दिवसांत १५ लाख डॉलर जमविणे हे लक्ष्य होते. संचाची किंमत ५९९ डॉलर होती व तो जानेवारी २०१९ मध्ये द्यावयाचा होता. मुळात १५ लाख डॉलर म्हणजे जेमतेम अडीच हजार संचांची किंमत. वर्षाला कोट्यवधी संच काढणाऱ्या कारखानदारांच्या व्यवसायात एवढ्या मागणीची दखल कोणताही घटक-पुरवठादार सहसा घेत नाही. पुढील विलंबाचे मूळ ह्या आकड्यात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

घोषणेच्या वेळी दाखविण्याजोगा नमुनासंच तयार नव्हता. म्हणून वादाला तोंड फुटले. विरोधकांचे म्हणणे असे, की ओपनमोको व उबुंटू एज ह्यांच्यामागे मोठ्या कंपन्या होत्या, तरी ते टिकले नाहीत. मग लॅपटॉप काढणाऱ्या लहान कंपनीकडून काय अपेक्षा करावी? मोडेमची आज्ञावली ह्यातही बंदिस्तच राहणार होती. बँकांची व पैसे देण्याघेण्याची बहुतेक ॲप केवळ अँड्रॉइड व आयओएस ह्यांसाठीच निघतात, हीही अडचण होती. सुरक्षिततेच्या काही अभ्यासकांनी आणखी एक मुद्दा मांडला. एक ॲप दुसऱ्यापासून अलग ठेवण्याची अँड्रॉइडमधील व्यवस्था नेहमीच्या लिनक्सपेक्षा कडक आहे. तेव्हा मुक्त संच अधिक सुरक्षित असेलच, असे गृहीत धरता येत नाही. हा मुद्दा समर्थकांना सहज खोडून काढता आला नाही.

समर्थकांचे उत्तर संचाच्या घडणीत होते. मोडेम मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या पाटीवर ठेवून यूएसबीने जोडावयाचा होता. त्यामुळे तो बंदिस्त असला, तरी मुख्य स्मृतीत त्याला शिरता येणार नव्हते. मोडेम, वायफाय व ब्लूटूथ आणि कॅमेरा व ध्वनिग्राहक ह्यांचा वीजपुरवठा तोडणारे तीन खटके कडेला असावयाचे होते. आज्ञावलीने दिलेल्या आश्वासनापेक्षा विजेची तार तुटलेली असणे धारकाला अधिक विश्वासार्ह वाटते, ह्यात नवल नाही. विद्युत् घट काढता येण्याजोगा होता. सर्व आज्ञावल्या लिनक्सच्या मुख्य प्रवाहात दाखल करण्याचे धोरण असल्यामुळे कंपनी बुडाली, तरी संच जुना पडणार नव्हता. ग्नोम व केडीई ह्या दोन्ही प्रकल्पांनी पाठिंबा दिला. लक्ष्य ऑक्टोबर २०१७ मध्ये पूर्ण झाले व मोहीम संपेपर्यंत २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली.

तत्त्व पाळणे किती जिकिरीचे असते, ह्याचे उदाहरण एनएक्सपी कंपनीच्या आय.एमएक्स ८एम ह्या प्रोसेसरने पुरविले. त्याची स्मृती सुरू करताना एक लहानशी बंदिस्त संहिता चालवावी लागते. तिला मुक्त पर्याय नव्हता. मुक्त आज्ञावली प्रतिष्ठानचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून ही संहिता मुख्य प्रोसेसरने हाताळू नये, दुय्यम प्रोसेसरने हाताळावी, अशी युक्ती २०१८ मध्ये मांडण्यात आली. नियमाच्या दृष्टीने ती बरोबर होती. धारकाच्या स्वातंत्र्यात तिने किती भर पडली, हा प्रश्न वेगळा. हा प्रोसेसर तापतही फार असे.

विकसकांसाठीच्या पाट्या डिसेंबर २०१८ मध्ये रवाना झाल्या. संच मात्र जानेवारी २०१९ वरून एप्रिलवर व तेथून त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीवर गेला. सप्टेंबर २०१९ पासून ॲस्पेन, बर्च इ. वृक्षांची नावे दिलेल्या लहान तुकड्या निघाल्या व एव्हरग्रीन ही मुख्य तुकडी नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. तो संच जाड व जड होता आणि त्याची वीज लवकर संपत असे. सुट्या भागांच्या जागतिक टंचाईमुळे गती आणखी मंदावली. २०१७ मध्ये पैसे भरलेल्या काहींना चार-चार वर्षे थांबावे लागले आणि जुन्या मागण्या पुऱ्या करण्याचे काम २०२३ पर्यंत रेंगाळले. दरम्यान नव्या ग्राहकांसाठी किंमत वाढत जाऊन काही काळ १,२९९ डॉलर झाली होती. संच पाठविण्याची वेळ आल्याखेरीज रक्कम परत मिळणार नाही, अशी कंपनीची भूमिका राहिल्यामुळे मूळचे समर्थकच तिचे कठोर टीकाकार बनले. ही टीका रास्तच म्हटली पाहिजे. विलंब हा अशा कामाचा स्वभाव आहे आणि तो पैसे भरणाराने गृहीत धरावा; परंतु माघार घेण्याची वाट बंद करणे ही विलंबाहून निराळी बाब आहे. उबुंटू एजच्या योजनेत ती वाट आरंभीच नियमाने राखलेली होती.

पाइन६४ ह्या गटाने दुसराच मार्ग धरला. त्याने वर्गणी मागितली नाही आणि आज्ञावलीचे आश्वासनही दिले नाही. पाइनफोनची पहिली तुकडी जानेवारी २०२० मध्ये सु. १५० डॉलरांना आली, तीही ‘धैर्यवंत’ अशा अर्थाच्या नावाने. यंत्र साधारण होते. आज्ञावली स्वयंसेवकांनी पुरवावयाची आणि त्यांच्या नावाने काढलेल्या आवृत्तीच्या प्रत्येक संचामागे १० डॉलर त्यांच्या प्रकल्पाला द्यावयाचे, असा बेत होता. यूबीपोर्ट्स, पोस्टमार्केटओएस, मांजारो इत्यादींना ह्याचा लाभ झाला. ह्या संचाच्या मोडेमच्या आतही एक लिनक्स चालते, असे आढळल्यावर स्वयंसेवकांनी तेवढा भाग बदलून मुक्त केला. रेडिओची मूळ संहिता मात्र बंदिस्तच राहिली.

पाइनफोनवरील पुष्कळ वितरणिकांनी फॉश हे जे दर्शनी आवरण वापरले, ते प्युरिझमने लिब्रेम ५ साठी लिहविले होते. अरुंद पडद्यावर खिडक्या आपोआप बसविणारा लिबहँडी हा त्याच कामातील आज्ञावली-संग्रह ग्नोमने स्वीकारला आणि त्याचा उत्तराधिकारी लिबॲडवेटा २०२२ पासून मेजावरील ग्नोमचा पाया झाला. प्रोसेसरसाठी लिहिलेल्या कितीतरी दुरुस्त्या लिनक्सच्या मूळ गाभ्यात गेल्या. म्हणजे २०१७ मध्ये ५९९ डॉलर भरून संचाची वाट पाहत राहिलेल्या माणसाच्या पैशाचा काही भाग, संच त्याच्या हाती पडण्यापूर्वीच, ज्यांनी छदामही भरला नव्हता अशांच्या संगणकात काम करू लागला होता. वर्गणीदारांना संच विकत घेतल्यासारखे वाटत होते. वस्तुतः ते सार्वजनिक काम करवून घेत होते आणि योजनेच्या जाहिरातीत ही गोष्ट पुरेशी स्पष्ट केलेली नव्हती.

२०१७ मध्येच सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस प्रकल्पाला कोणताही नवा संच काढावयाचा नव्हता. उत्पादकांनी टाकून दिलेले जुने अँड्रॉइड संच दहा वर्षे चालावेत, हे त्याचे उद्दिष्ट. त्यावर निवडता येणाऱ्या दर्शनी आवरणांत फॉश हेही एक आहे.