'जोहार'पासून 'आयुष्मती'पर्यंत : शब्द, प्रेम आणि आपले घर

आपल्या चळवळीचा इतिहास आपण सत्याग्रहांच्या, परिषदांच्या आणि ठरावांच्या तारखांनी लिहितो. तो तसा लिहिलाच पाहिजे. पण माणूस माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारीत होता, नवरा बायकोशी काय बोलत होता, प्रेम या गोष्टीला वस्तीत कोणता शब्द होता, हाही इतिहासच आहे. तो कोणत्याही ठरावात सापडत नाही. तो घरात सापडतो.

गावगाड्यातल्या महाराला अभिवादनासाठी एकच शब्द होता : 'जोहार'. तो कमरेत वाकून म्हणायचा. त्याच्या पोरांची नावे दगडू, धोंड्या, कचऱ्या. गावकुसाबाहेरच्या भाषेत हुकूम ऐकण्याचे आणि दाद मागण्याचे शब्द भरपूर होते. बरोबरीने बोलण्याचे शब्द मात्र नव्हते, कारण बरोबरीच नव्हती. म्हणूनच 'जोहार' जाऊन 'जय भीम' येणे ही साधी गोष्ट नाही. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना (१९०४–१९३९) दिले जाते. 'जोहार' खालून वर जात होता. 'जय भीम' समोरासमोर उभा राहतो. म्हणणारा आणि ऐकणारा एकाच उंचीचे असतात.

बाबासाहेबांनी आपल्या पत्रांना दिलेली नावे ओळीने वाचावीत : १९२०चे 'मूकनायक', १९२७चे 'बहिष्कृत भारत', १९३०ची 'जनता' आणि १९५६चा 'प्रबुद्ध भारत'. मुक्यापासून प्रबुद्धापर्यंतचा हा प्रवास केवळ छत्तीस वर्षांचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि हा प्रवास घरात शिरला. ज्या घरात दगडू होता तिथे सिद्धार्थ, मिलिंद, राहुल जन्मले. मुलींची नावे सुजाता, यशोधरा, प्रज्ञा झाली. लग्न होते तिथे 'मंगल परिणय' आला.

यातला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. इतरांच्या लग्नपत्रिकेत मुलीच्या नावामागे 'चि. सौ. कां.' असते. सौभाग्याची आकांक्षा धरणारी ती. तिचे सौभाग्य म्हणजे नवऱ्याचे आयुष्य. आपल्या पत्रिकेत 'आयुष्मती' आली. आयुष्य आले ते तिचे स्वतःचे. नवरा 'आयुष्मान', ती 'आयुष्मती'. दोघांना एकच शब्द, एकच मोल. एका शब्दाने एवढे काम केल्याचे उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

पण सन्मानाचे शब्द मिळाले म्हणून प्रेमाचे शब्द मिळाले असे होत नाही. ते दुसऱ्याच वाटेने आले, कादंबरीतून आणि सिनेमातून. ना. सी. फडक्यांच्या प्रणयकथांनी पांढरपेशा महाराष्ट्राला प्रेमाची भाषा शिकवली. वाचनालयातून ती पुस्तके आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीच्याही हाती पडली. त्या नायकाला भाकरीची चिंता नव्हती आणि त्या नायिकेच्या दारात आपल्याला कोणी उभे केले नसते. तरीही आपल्या माणसांनी ती वाचली. दुसऱ्याच्या घरातली खिडकी का होईना, उजेड तिच्यातून येत होता.

सिनेमाने आपल्याला घरात घेतले खरे, पण अटीवर. १९३६च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य कस्तुरी आणि ब्राह्मण प्रताप यांचे प्रेम जमते, पण लग्न होत नाही. शेवटी कस्तुरी रेल्वेखाली मरते. १९५९च्या बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त नायिका जगते, लग्नही ठरते. पण वाढवणाऱ्या आईला रक्त दिल्यावरच ती त्या घरची मुलगी ठरते. एकीने प्राण द्यायचा, दुसरीने रक्त द्यायचे. सवर्ण नायिकेकडून असली किंमत कोणी मागितली होती? त्या काळात अण्णा भाऊ साठेंची 'वैजयंता' आणि 'फकिरा' वाचकांपुढे होती. तिथल्या माणसांना प्रेम करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि त्यांची भाषा आपल्याच मातीतली होती. या दोन्ही कादंबऱ्यांवर पुढे चित्रपटही निघाले.

तरी मी सिनेमाला सरसकट नाकारणार नाही. माझे वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते. जत्रेच्या तंबूत कुठलासा प्रेमाचा सिनेमा पाहून ते एका रात्री घरी आले आणि त्यांनी आईला नावाने हाक मारली. तोवर ती फक्त 'अगं ए' होती. आई लाजून चुलीमागे गेली आणि आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आजोबांनी आजीला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. त्या सिनेमाचे नाव आज कोणालाच आठवत नाही, पण आमच्या घरात एक बाई नावाची झाली ती त्या रात्री.

प्रेमाचा शब्द आपल्या पोराच्या तोंडी आला की गावाला काय वाटते, हे आपण पाहिले आहे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यातला जब्या वरच्या जातीच्या शालूवर दुरूनच जीव लावतो. त्याच वर्षी २८ एप्रिलला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून, मारून टाकण्यात आले. साक्षीदार उलटले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. २०१६च्या 'सैराट'च्या गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला, पण त्यातल्या आर्ची-परशाचा शेवट कोणी नाचून साजरा केला नाही. मुलीशी दोन शब्द बोलणे हा ज्या समाजात मृत्युदंडाचा गुन्हा ठरतो, तिथे प्रेमाची भाषा ही करमणूक नसते. तो समतेचाच प्रश्न असतो.

आता बोट स्वतःकडे वळवले पाहिजे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून लिहिले. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या बाईला आपल्याच घरात लेखणी लपवावी लागली. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' असे ठासून सांगावे लागले. त्या नावातला 'ही' आपल्याला उद्देशून आहे, मित्रहो.

गेल्या वर्षी मी वर्गात 'आमच्या घरातले शब्द' या विषयावर निबंध लिहायला दिला. एका मुलीने लिहिले : आईच्या लग्नाच्या पत्रिकेवर तिला आयुष्मती म्हटले आहे, त्यानंतर घरात तिला तसे कोणी म्हटलेले नाही. तिचा निबंध मी तपासायला घेतला आणि लाल पेन तसेच ठेवून दिले.

चळवळीने आपल्याला सन्मानाचे शब्द दिले. कथा-कादंबऱ्यांनी आणि सिनेमाने प्रेमाचे शब्द दिले, सदोष का होईना. आपण पहिले शब्द सभेसाठी ठेवले आणि दुसरे तारुण्यातल्या दोन वर्षांसाठी. घरात मात्र गावगाड्याचीच भाषा राहू दिली. 'जय भीम' बाहेर आणि 'अगं ए' आत, हे किती दिवस चालायचे? कार्यकर्त्यांच्या शिबिरात यावर एक बैठक व्हावी. शिक्षकांनी हा विषय वर्गात घ्यावा. आणि व्याख्यान आटोपून रात्री घरी परतणाऱ्या प्रत्येकाने दार उघडणाऱ्या बाईला तिच्या नावाने हाक मारावी.