चाळीस दिवसांची वाट

मुलगी दिल्लीला नोकरी करते. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून विमान सुटलं की दोनेक तासांत "पोचले, बाबा" असा फोन येतो. सरळ रेषेत हे अंतर 980 किलोमीटरच्या आसपास भरतं. मी मात्र तीस वर्षं खुलताबादच्या वाड्यावस्त्यांवर टपालाचा बटवडा केलाय. अंतर म्हटलं की मला आधी पाय आठवतात.

आमचं खुलताबाद त्या दिल्लीच्या वाटेनंच वसवलं. 1327 साली मुहम्मद तुघलकानं आमच्या शेजारच्या देवगिरीला राजधानी आणली, तिचं दौलताबाद केलं आणि दिल्लीकरांना तिथं यायला लावलं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो की, दिल्लीहून दौलताबाद चाळीस दिवसांवर, आणि वाट दुतर्फा झाडीची, जणू बागेतून चाललोय अशी. सुलतानाला प्यायला गंगेचं पाणीही एवढ्याच लांबून यायचं. एका आंधळ्याला दिल्लीपासून फरफटत आणलं आणि दौलताबादला नुसता त्याचा पाय पोचला, ही ऐकीव गोष्टही त्यानंच नोंदवलीय. तो हिंदुस्थानात आला स्थलांतरानंतर काही वर्षांनी, म्हणून ती मी शब्दशः धरत नाही. पण लोकांनी त्या वाटेची केवढी धास्ती घेतली होती, ते त्यात उतरलंय.

मला सगळ्यात जवळचा वाटतो त्यानं वर्णिलेला डाकवाला. मैलाला तीन चौक्या. एका हातात पत्र, दुसऱ्यात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. जीव तोडून पळायचं. घंटा ऐकून पुढचा कंबर कसून उभा. सिंधहून दिल्लीला माणसाला पन्नास दिवस लागत. डाक पाच दिवसांत पोचे. त्या पळणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जे चालत आले त्यांतल्या काहींची नावं आमच्याकडे आहेत. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब आले ते इथलेच झाले. 1337 मध्ये वारले, दर्गा गावातच आहे. औलियांची संभाषणं टिपून ठेवणारा कवी अमीर हसनही इथंच विसावला. पुढं सुलतानानं परत जायची मुभा दिली, पण ही माणसं राहिली. अरबीत 'गरीब' म्हणजे परका.

चाळीस दिवस म्हणजे रोज निदान पंचवीस किलोमीटर. श्रावणात शुक्रवारी रात्री शहरातून हजारो लोक आमच्या गावच्या भद्रा मारुतीला पायी येतात, ते अंतर जवळपास एवढंच. मीही दरवर्षी चालतो. दौलताबादचा घाट चढताना पोटऱ्या भरून येतात, पहाटे देवळाशी पोचल्यावर चपलेत पाय मावत नाही. दर्शन झालं की मी घरी जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसतो. दिल्लीहून निघालेल्या त्या लोकांना उजाडताच पुढचे पंचवीस चालायचे असत, कडेवर पोरं घेऊन.