उसातला लोकरी मावा आणि खोडकीड : पंप उचलण्याआधी मित्रकीटक ओळखा

पुणे : उसावर कीड दिसली की पंप पाठीवर घ्यायचा, ही आपल्याकडची सवय. पण त्याच पानावर किडीला खाणारे कीटकही असतात आणि फवारणीत तेही मरतात. म्हणून आधी पान उलटून बघा.

लोकरी माव्याचा धडा

महाराष्ट्रात लोकरी मावा २००२ साली सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूरपर्यंत पसरला. पानाच्या खाली कापसासारखा पांढरा थर असतो. मावा रस शोषतो, खालच्या पानांवर चिकट पाणी पडतं, त्यावर काळी बुरशी चढते आणि ऊस पोसत नाही. वाढलेल्या उसात माणूस शिरत नाही, तिथं पंप काय चालणार? आम्हीही तेव्हा बांधालगतच्या सऱ्या फवारल्या. आतला मावा तसाच राहिला. तो आटोक्यात आला मुख्यतः मित्रकीटकांमुळे.

हे मित्र ओळखा

- डिफा (कोनोबाथ्रा) : ही पतंगाची अळी आहे. माव्याच्या थरातच जाळी करून राहते आणि मावा खाते. पानं गुंडाळणारी अळी समजून मारू नका.
- मायक्रोमस : तपकिरी, जाळीदार पंखांचा छोटा कीटक. अळी आणि प्रौढ दोन्ही मावा खातात.
- एन्कार्सिया : डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी, आसामातून आणलेली. माव्याच्या अंगात अंडी घालते.
- ढालकिडा (लेडीबर्ड) : प्रौढ सगळ्यांना माहीत आहे. अळी मात्र काळी, काटेरी, मगरीसारखी दिसते, म्हणून कीड समजून मारली जाते.

डिफाच्या हेक्टरी १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस आहे. शेतात त्या आधीच दिसत असतील तर अळ्या असलेल्या पानांचे तुकडे मावा पडलेल्या दुसऱ्या उसावर टाचले तरी काम होतं.

खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड

ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी खोडकिडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. अळी बाहेर येण्याआधीच कीड संपते. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. लागणीनंतर पहिले तीन-चार महिने खोडकिडीचे. त्या काळात पतंग दिसू लागले की एकरी २ ते ३ कार्ड, दर १० दिवसांनी लावावीत.

- कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा.
- सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावा.
- कार्डावरची तारीख बघा. घरी ठेवून माश्या बाहेर पडल्या तर पैसे वाया.
- मुंग्या अंडी खातात, त्यांच्यापासून जपा.
- कार्ड लावायच्या आधी आणि नंतर आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी नको.

पोंगे वाळल्यावर कार्ड लावून उपयोग नाही. अळी खोडात शिरली की ही माशी तिला काही करू शकत नाही. वेळ चुकली की दोष कार्डाला दिला जातो, हे बरेचदा होतं.

कुठं विचारायचं

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, पुण्याचं कृषी महाविद्यालय, बारामती व नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं, किंवा आपल्या कारखान्याचा ऊस विकास विभाग इथं चौकशी करावी. कार्ड ताजं मिळावं म्हणून मागणी आठवडाभर आधी नोंदवा.

कीड दिसली म्हणून लगेच घाबरू नका. दहा-पंधरा ठिकाणची पानं उलटा. माव्याबरोबर डिफा, मायक्रोमस दिसत असतील तर आठवडाभर थांबून पुन्हा बघा आणि मगच फवारणीचं ठरवा.