पॅट समिट आणि अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचे स्थित्यंतर

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे तयार केला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने तो जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील विद्यार्थिनींना शिकवला. धावपळ आणि झटापट स्त्रियांच्या प्रकृतीला व शालीनतेला मानवणार नाही, अशी त्या काळची समजूत असल्याने बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, खेळाडूला आपला भाग ओलांडण्यास मनाई केली आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातातील चेंडू हिसकावून घेणे निषिद्ध ठरवले. स्त्रियांचा खेळ वेगळा, सौम्य आणि शक्यतो प्रेक्षकांविना असावा, ही धारणा पुढे सुमारे आठ दशके अमेरिकेतील शारीरिक शिक्षण विभागांत टिकून राहिली. ती कशी ढासळली आणि तिच्या जागी काय उभे राहिले, हे टेनेसी विद्यापीठाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांच्या कारकिर्दीत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

पॅट समिट, माहेरच्या पॅट्रिशिया हेड, यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या ज्या शाळेत जाणार होत्या तेथे मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता, म्हणून कुटुंबाने शेजारच्या हेन्रिएटा येथे बिऱ्हाड हलवले आणि त्या चीटम काउंटीच्या शाळेकडून खेळल्या. तेथील खेळ ‘सहाजणींचा’ होता. या प्रकारात प्रत्येक संघातील तिघी केवळ आक्रमण करीत आणि तिघी केवळ बचाव करीत. मध्यरेषा ओलांडण्याची परवानगी कोणालाच नसे, त्यामुळे बचाव करणाऱ्या मुलीला संपूर्ण शालेय जीवनात बास्केटकडे चेंडू टाकण्याची संधीच मिळत नसे. महाविद्यालयांनी १९७१ मध्ये पाचजणींचा, पूर्ण मैदानावरील खेळ स्वीकारला तरी टेनेसीच्या शाळांनी जुना प्रकार सोडला नाही. त्यामुळे महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची संधी हुकते, असा दावा ओक रिज येथील एका शाळकरी खेळाडूने न्यायालयात केला. जिल्हा न्यायालयाने तो मान्य केला, परंतु अपील न्यायालयाने १९७७ मध्ये हा निर्णय फिरवला. अखेरीस १९७९ मध्ये राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेनेच पाचजणींचा खेळ स्वीकारला. या बदलाच्या पुरस्कर्त्यांमध्ये समिटही होत्या.

१९७० मध्ये त्यांनी टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन येथील शाखेत प्रवेश घेतला, तेव्हा मुलींसाठी तेथे क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती आणि शिक्षणाचा खर्च पालकांनीच उचलला. त्यांचे शिक्षण चालू असतानाच, जून १९७२ मध्ये, ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद अमेरिकी संसदेने संमत केली. केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, एवढाच तिचा आशय होता आणि तिच्या मूळ मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता. तथापि १९७५ च्या नियमावलीने क्रीडाविभाग तिच्या कक्षेत आणले आणि महाविद्यालयांना पूर्ततेसाठी १९७८ पर्यंतची मुदत दिली.

१९७४ मध्ये नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठाच्या मुख्य केंद्रात समिट पदव्युत्तर विद्यार्थिनी व साहाय्यक म्हणून रुजू होणार होत्या, परंतु तेथील प्रशिक्षिका अभ्यासरजेवर गेल्याने संघाची संपूर्ण जबाबदारी वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी त्यांच्यावर आली. मानधन महिना २५० डॉलर होते. संघाला सामन्यांसाठी घेऊन जाणारी गाडी त्या स्वतः चालवीत, गणवेश स्वतः धूत आणि त्या गणवेशांचे पैसे डोनट विकून उभे केलेले होते. पहिला सामना त्यांच्या संघाने मर्सर विद्यापीठाविरुद्ध एका गुणाने गमावला. याच काळात त्या पदव्युत्तर अभ्यास आणि अध्यापन सांभाळून दुखावलेल्या गुडघ्यातून सावरत होत्या, कारण १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश होणार होता आणि त्यांना त्यात खेळायचे होते. त्या स्पर्धेत सोव्हिएत संघामागोमाग रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाच्या त्या सहकर्णधार होत्या. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकले.

दरम्यान खेळाची सूत्रे कोणाकडे असावीत, हा वाद निर्णायक टप्प्यावर आला होता. १९७१ मध्ये स्थापन झालेली आणि स्त्रियांनीच चालवलेली आंतरमहाविद्यालयीन महिला क्रीडा संघटना विद्यार्थिनींच्या खेळाचा कारभार पाहत असे. खेळाचे धंद्यात रूपांतर होऊ नये म्हणून तिने प्रारंभी शिष्यवृत्त्याही नाकारल्या होत्या आणि न्यायालयीन दाव्यानंतर १९७३ मध्ये ते बंधन सोडले. पुरुषांच्या स्पर्धा भरवणाऱ्या ‘एनसीएए’ या धनाढ्य संघटनेने १९८२ मध्ये स्त्रियांसाठी बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू करताच जुन्या संघटनेचा आधार संपला आणि ती बंद पडली. टेनेसीत मात्र १९७६ पासून महिला क्रीडाविभाग पुरुषांच्या विभागाहून स्वतंत्र ठेवण्यात आला होता. त्याचे अंदाजपत्रक आणि निर्णय स्त्रियांच्या हाती राहिले, त्यामुळे समिट यांना संघ उभारण्यासाठी जे स्थैर्य लाभले, ते बहुतेक विद्यापीठांतील प्रशिक्षिकांना दुर्मीळ होते.

या पायावर पुढील यश उभे राहिले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८७ मध्ये लुइझियाना टेकचा ६७-४४ असा पराभव करून मिळाले. त्यानंतर १९८९, १९९१, सलग तीन वर्षे १९९६ ते १९९८, आणि अखेरीस २००७ व २००८ अशी एकूण आठ विजेतेपदे टेनेसीने पटकावली. १९९७-९८ च्या हंगामात शमीक होल्ड्सक्लॉ व टमिका कॅचिंग्ज यांच्या संघाने सर्व ३९ सामने जिंकले. ‘फायनल फोर’, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतील अखेरच्या चार संघांची फेरी, समिट यांच्या संघांनी १८ वेळा गाठली. कठोर बचाव, चेंडू बास्केटला लागून परतताच तो ताब्यात घेण्याचा आग्रह आणि वर्गातील उपस्थितीबाबतची कडक शिस्त ही त्यांच्या पद्धतीची अंगे होती. वर्ग चुकवणाऱ्या खेळाडूला सामन्यात स्थान मिळत नसे आणि पात्रतेची वर्षे पूर्ण करणाऱ्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळवली. २००६ च्या करारानंतर वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक मिळवणाऱ्या महिला बास्केटबॉलच्या त्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या.

या उत्कर्षाला एक विपरीत बाजूही आहे. १९७२ मध्ये महाविद्यालयीन महिला संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या; २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले होते. पद बिनपगारी किंवा तुटपुंज्या मानधनाचे होते तोवर ते स्त्रियांकडे राहिले. वेतन आणि प्रतिष्ठा वाढली तसे पुरुष उमेदवार पुढे आले, आणि बहुतेक विद्यापीठांत दोन्ही क्रीडाविभाग एकत्र होऊन नेमणुकांचा अधिकार पुरुष संचालकांकडे गेला. समिट यांचे यश कायद्याने उघडलेल्या दाराचे फळ होतेच, परंतु स्त्रियांच्या हाती राहिलेल्या स्वतंत्र व्यवस्थेचेही होते.

२०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, त्यांनी अकाली अल्झायमर जडल्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१२ मध्ये संघाची धुरा आपली माजी खेळाडू हॉली वॉरलिक हिच्याकडे सोपवली. तोवर त्यांच्या नावावर १,०९८ विजय आणि २०८ पराभव जमा होते. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. टेनेसीचा स्वतंत्र महिला क्रीडाविभागही त्यांच्या निवृत्तीच्या सुमारासच पुरुषांच्या विभागात विलीन झाला होता. त्यांचा विजयांचा विक्रम २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडरव्हीर या त्यांच्याच पिढीतील प्रशिक्षिकेने ओलांडला, आणि नोव्हेंबर २०२४ पासून तो कनेटिकटच्या महिला संघाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या नावावर आहे.