भावंडांचं रूपांतर आणि सायखेड्याचं शाजखेडा

प्रोग्रॅमिंगमधे क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली वस्तू. सायखेड्याच्या नातेवाईक मंडळींसाठी घरचंच उदाहरण घेतो. 'शेतमाल' ही आई. 'कांदा' आणि 'द्राक्ष' ही तिची लेकरं. वजन आणि भाव दोघांनाही आहे, पण द्राक्षाची गोडी मोजायची सोय कांद्यात नाही. मग कांद्याच्या ऑब्जेक्टचं द्राक्ष करता येईल का?

आई-लेकरांची ही मांडणी ओस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमधली. डाल आणि नीगार्ड या दोघांनी ती १९६७ साली 'सिम्युला ६७' या भाषेत आणली. त्यात 'क्वा' असा एक शब्द होता: शेतमाल म्हणून हातात असलेली वस्तू आता कांदा म्हणून बघ. ती मुळात कांदा असेल तरच हे चालायचं. म्हणजे बघण्याची नजर बदलते, वस्तू नाही.

स्त्राउस्त्रुप यांनी १९७९ पासून हेच क्लास सी भाषेत आणायला घेतले आणि त्यातून सी++ झाली. सी मधे कशावरही कसलीही पाटी लावायची मोकळीक होती, तीही सोबत आली. कांद्यावर द्राक्षाची पाटी लावून गोडी विचारली तर मेमरीतला भलताच आकडा मिळू शकतो, तोही बिनतक्रार! म्हणून १९९८ च्या प्रमाणित सी++ मधे आधी चौकशी करणारा 'डायनॅमिक कास्ट' आला. १९९५ ची जावा तर भावंडांमधलं थेट रूपांतर कंपाइलच होऊ देत नाही. आईमार्गे वळसा घातला, तर प्रोग्रॅम चालताना अडवते.

मग सरळ मार्ग एकच. नवीन वस्तू घडवायची, दोघांत सारखं असेल ते उतरवून घ्यायचं आणि जे नाही त्याचं काय करायचं ते माणसानं ठरवायचं.

गंमत म्हणजे हाच पेच आपल्या लिप्यांमधेही आहे. आई ब्राह्मी, देवनागरी, गुजराती, बंगाली ही भावंडं. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकानं सगळ्यांना एकच संकेतांक दिले. युनिकोडनं प्रत्येक लिपीला १२८ घरांची वेगळी चाळ दिली, पण घरांचा क्रम तोच ठेवला. देवनागरी अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवले की बंगाली अक्षर तयार!

'क' सुखरूप पोचतो. 'व' आणि 'ळ' मात्र बंगालीत रिकाम्या घरासमोर उभे राहतात (गुजरातीत दोघांनाही घर आहे). कुणीतरी ठरवतं, 'व' चा 'ब' करा, 'ळ' चा 'ल'. मग 'वेळ' चं होतं 'बेल', आणि उलट फिरवलं तरी 'बेल'च. गेलेली वेळ परत येत नाही ती अशी :)

रिकामं घर निदान दिसतं तरी. 'सायखेडा'तल्या प्रत्येक अक्षराला बंगालीत घर आहे, कुठेच काही अडत नाही. पण तिथला 'स' बहुधा 'श' सारखा आणि तो 'य' 'ज' सारखा वाचतात. गाव होतं शाजखेडा! आईकडून आलेली खूण तीच, लेकरांची वागणूक वेगळी. नुसत्या क्रमांकांच्या बेरजेवरून मशीनला हे कळणार नाही.

म्हणून नावांची यादी दुसऱ्या लिपीत नेताना मूळ देवनागरी नाव शेजारच्या रकान्यात राहू द्यावं, असं मला वाटतं. काळाराम एकदा कालाराम झाला की नुसत्या नव्या यादीवरून त्याचा 'ळ' कुणालाच परत आणता येणार नाही.