आराखडाच मुलींच्या हाती द्या

‘गरीब घरच्या पोरींना आरोग्यातलं काय कळतं? त्यांना समजावून सांगावं, गोळ्या द्याव्यात. आखणी तज्ज्ञांनी करावी.’ गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बहुतेक किशोरी मेळाव्यांमागे हाच समज असतो. त्याला सबळ आधार आपल्याच भागात सापडतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांतला अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 650 स्त्रियांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते. तक्रार मात्र 55 टक्के जणींनीच सांगितली. आपला आजार आपल्याला कळतोच असं नाही, हे मान्य. निदान डॉक्टरांनीच करावं, लोहाच्या गोळीची मात्राही त्यांनीच ठरवावी.

पण याआधी तपासणी आणि उपचार झाले होते ते अवघ्या 8 टक्के जणींचे, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे अज्ञान वैद्यकाच्या बाजूलाही होतं. पुढे बंग दांपत्याने आपल्या शोधग्राममधल्या दवाखान्याबाबत आदिवासींना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीची धास्ती वाटते हे कळलं. मग खोल्या झोपड्यांसारख्या झाल्या, नातलगांची राहायची सोय झाली, दवाखान्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. मोठ्यांना विचारलं ते मुलींना विचारायला काय हरकत आहे?

‘सकस खा, रोज व्यायाम करा’ हा फलक एटापल्लीकडच्या मुलीच्या काय कामाचा? ती उजाडायच्या आत मोहफुलं वेचते, मे महिन्यात तेंदूची 70-70 पानं मोजून पुडे बांधते. अंगमेहनत तिला कमी नाही. पाळी सुरू झाली की सुटतो तो खेळ. माडिया आदिवासींच्या गावात पाळीच्या दिवसांत ती कुर्माघरात, म्हणजे त्यासाठीच्या वेगळ्या झोपडीत असते. तिथं दाराला कडी आहे का, रात्री उजेड असतो का, जेवण कोण आणतं, किती आणतं? आहाराचा सगळा सल्ला त्या ताटापाशी येऊन अडतो, आणि त्या ताटाची माहिती फक्त तिला आहे. आठवड्याची लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं. आश्रमशाळेत कुठल्या वारी पोटभर जेवण होतं, हेही तिथल्या मुलीच सांगतील.

‘2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच मुली साथी म्हणून असतात की!’ असतात. पण बहुतेकदा निरोप वर ठरतो, त्या तो पोचवतात. याला मी सहभाग म्हणणार नाही. विषय, वेळ, जागा आणि खर्च यांवर मुलींचा निर्णय चालला पाहिजे, नको ते रद्द करण्याचा अधिकारही हवा. आणि तेंदूच्या हंगामात बैठक घ्यायचीच असेल, तर बुडालेली मजुरी कार्यक्रमाच्याच निधीतून त्यांना मिळाली पाहिजे.