सायकलची सीट आणि संशोधनाचा प्रश्न

पहिल्यांदा शंभर किलोमीटरची राईड केली तेव्हा पाय भरून येतील, कंबर धरेल, एवढी मनाची तयारी होती. प्रत्यक्षात साठ किलोमीटरनंतर पाय ठणठणीत होते, पण सीटवर टेकणं अशक्य झालं होतं. आधी आग, मग सूज, मग चक्क बधिरपणा. दुकानात कसंबसं विचारलं तर उत्तर मिळालं, "होईल सवय, मॅडम." आपण पडलो सायन्सवाले! या "सवय होईल"ला पुरावा काय, म्हणून पेपर शोधायला बसले आणि थेट १८९५ सालात जाऊन पोचले. तुम्ही रिसर्च प्रपोजल लिहायच्या तयारीत असाल, तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

आधी शरीराचं गणित समजून घ्या. ताठ बसल्यावर आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. हँडल खाली असेल आणि आपण पुढे वाकलो, की कमरेखालचा सगळा सांगाडा पुढे कलतो. मग वजन हाडांवरून सरकून पुढच्या मऊ भागावर जातं. तिथे नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. बायकांमध्ये त्या दोन हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं. त्यामुळे अरुंद सीटवर ती नीट टेकतच नाहीत. त्यात तासन्‌तास घर्षण आणि घाम. म्हणजे हा दुखरेपणा नाजूकपणातून येत नाही, तो दाब कुठे पडतो याचा प्रश्न आहे.

आता इतिहासाकडे वळू. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी, थोडक्यात आजच्या सायकलची आजीच. १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर आले आणि पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने सायकलवर बसल्या. सीट मात्र पुरुषांच्या बेताने बनवलेली.

१८९५ मध्ये रॉबर्ट लॅटू डिकिन्सन या ब्रुकलिनच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने एका अमेरिकन प्रसूतिशास्त्र नियतकालिकात बायकांच्या सायकलिंगवर लेख लिहिला. त्याची निरीक्षणं वाचून मी थक्क झाले. सीटचं पुढचं टोक वर उचललेलं असेल तर, चामडं सैल होऊन झोळीसारखं झालं असेल तर, आणि स्वार पुढे वाकली तर, पुढच्या भागावरचा दाब आणि घर्षण वाढतं, असं त्याने लिहिलं. टोकाचा कोन, सीटचा ताण, शरीराचा कल. तिन्ही व्हेरिएबल बरोबर!

पण प्रश्न काय होता? या घर्षणातून मुलींना लैंगिक सुख मिळेल का, सायकल हे हस्तमैथुनाचं साधन ठरेल का. डिकिन्सन काही सायकलचा शत्रू नव्हता, पण त्या काळातल्या डॉक्टरांना छळणारी काळजी हीच होती. स्वार बाईला दुखतं का, हे त्या चौकटीत दुय्यम ठरलं.

बाजार मात्र गप्प बसला नाही. १८९०च्या दशकातच 'ख्रिस्ती' नावाची सीट विकली जात होती. दोन गाद्या आणि मधे मोकळी जागा. जाहिरातीत चक्क हाडांचं चित्र काढून वजन कुठे पडतं ते दाखवलेलं. म्हणजे मधे खाच असलेली सीट हा आजचा शोध नाहीच.

आता शंभर वर्षं पुढे या. जॉर्जीना टेरी या अमेरिकन इंजिनिअर बाईने १९८५ मध्ये बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. पुढे तिने मधे खाच असलेल्या सीटही विकल्या. पण या विषयाचा गाजावाजा झाला तो १९९७ मध्ये, सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येतं का, हा प्रश्न एका अमेरिकन सायकल मासिकाने उचलल्यावर. मग अभ्यास झाले, नवी डिझाइन्स आली. पुरुषांना दुखलं तेव्हा तो 'विषय' झाला, हे वाक्य कडू आहे, पण तारखा बघा.

बायकांवरचे पेपर हळूहळू आले. २००२ मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सहा सायकलपटू स्त्रियांची नोंद केली. आठवड्याला सरासरी साडेचारशेहून जास्त किलोमीटर चालवणाऱ्या या सहाजणींना एका बाजूची कायमची सूज आली होती. २००६ मध्ये मार्शा गेस आणि सहकाऱ्यांनी ४८ स्पर्धक सायकलपटू स्त्रियांची तुलना २२ धावपटू स्त्रियांशी केली. सायकलवाल्यांमध्ये जननेंद्रियांची संवेदना कमी आढळली. लैंगिक कार्यात मात्र फरक दिसला नाही. हा दुसरा निष्कर्षही तितक्याच ठळकपणे सांगायचा, बरं का! शिवाय अशी एका वेळची तुलना कारण सिद्ध करत नाही, संबंध दाखवते. २०१२ मध्ये याच मंडळींनी दाखवलं की हँडल सीटपेक्षा खाली असेल तर दाब वाढतो आणि संवेदना घटते.

थांबा. पुढे वाकल्यावर दाब वाढतो, हे डिकिन्सनने ११७ वर्षांपूर्वी लिहिलं नव्हतं का?

आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम बदलला. आधी शर्यतीत सीट जवळपास आडवीच ठेवावी लागे, आता ती नऊ अंशांपर्यंत कलती ठेवायला परवानगी मिळाली. ब्रिटिश संघाच्या फिजिओंनी खेळाडू स्त्रियांच्या जखमा समोर ठेवून हा मुद्दा लावून धरला होता. पुन्हा तोच सीटचा कोन. डिकिन्सनच्या काळी तो संशयाचा पुरावा होता, इथे तो उपाय ठरला.

म्हणून माझं सांगणं एवढंच. लिटरेचर रिव्ह्यू करताना "या विषयावर अभ्यास झालेला नाही" असं पटकन लिहू नका. निरीक्षणं पडून असतात, कधी भलत्याच प्रश्नाच्या पोटात. जुना पेपर वाचताना दोन रकाने आखा. लेखकाने काय पाहिलं, आणि ते कशासाठी पाहिलं. पहिला रकाना जपून ठेवा, दुसऱ्याशी खुशाल भांडा. आणि तिसरा रकाना रिकामा का होईना, असू द्या. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना कुणी विचारलं का?

ता.क. मी सीटचं टोक किंचित खाली केलं, हँडल थोडं वर घेतलं आणि बैठकीची हाडं मोजून रुंद सीट घेतली. मागच्या रविवारी ऐंशी किलोमीटर झाले. नमुना संख्या एक, त्यामुळे निष्कर्ष काढू नका. पण दुकानदार म्हणाला ती 'सवय' नव्हती, एवढं नक्की.